सेकंदाला नऊ चित्रं

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता शाल्मलीची आई अंटार्क्टिकाहून रानात यायची.

रान खरं नव्हतं. ‘रानवाट’ नावाच्या खेळातलं, कोयनेच्या खोऱ्यासारखं दिसणारं ते रान होतं. २०४७ साल होतं. आई अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्रात बर्फाचा अभ्यास करायला चौदा महिन्यांसाठी गेली होती, आणि उपग्रहावरून घरच्यांशी बोलायला तिला आठवड्यातून अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात आई केंद्रातल्या व्यायामाच्या खोलीत मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्या बांधून चालायची. पट्ट्या तिची प्रत्येक हालचाल टिपायच्या, आणि खेळातली आई अगदी तशीच चालायची. इकडे कराडला शाल्मली खिडकीतल्या गादीवर बसून, मांडीवरच्या लॅपटॉपच्या बटणांनी तिच्या मागोमाग जायची.

सुरुवातीच्या माळावर आईचे पाय उंच गवतात बुडायचे, पण सगळं सुरळीत चालायचं. झाडी लागली की मात्र आई तुटायची. आत्ता जांभळाखाली दिसली, की पुढच्या क्षणी चार पावलं पुढे. मग चित्र थिजायचं, आणि हलायला लागेपर्यंत आई दिसेनाशी झालेली असायची.

“शमू, आलीस का गं?” आईचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ यायचा. “धबधबा जवळच आहे. तुला तो दाखवायचाय.”

धबधब्याकडे निघून पाच रविवार झाले, तरी तो काही आला नाही.

“पृथ्वीच्या पार टोकाला आहे ती,” बाबा म्हणायचे. “एवढं पोचतंय हेच पुष्कळ.”

शाल्मलीला ते पटलं होतं, आणि म्हणूनच सोसत नव्हतं. चित्र अडखळलं की तिला वाटायचं, आई किती लांब आहे ते कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगतंय. सहाव्या रविवारी ती म्हणाली, “आई, आपण माळावरच बसू या.” आई बरं म्हणाली, पण तिचा आवाज उतरला.

मे महिन्याच्या अखेरीस बाबांची आत्या, हेमा आत्याआजी, राहायला आली. तिने बंगळुरूत तीस वर्षं संगणकाच्या चिप (सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली सूक्ष्म विद्युत मंडलं) तयार करण्याचं काम केलं होतं. शाल्मलीने तिला सगळं सांगितलं. आत्याआजीने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, “आई नसताना त्या झाडीत जाऊन आलीस कधी?”

“एकटी कशाला जाऊ?”

“आज जाऊ या. आणि इंटरनेट बंद करून जाऊ.”

आत्याआजीने खेळात एक लहानसा आकडा सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसू लागला. माळावर ४६ होता. शाल्मली झाडीत शिरली तसा तो घसरला. ३०, १७, ९. रान अडखळायला लागलं. रविवारी अडखळायचं, अगदी तसंच.

“आत्ता अंटार्क्टिकाशी आपला काही संबंध आहे का?” आत्याआजीने विचारलं.

शाल्मलीने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “म्हणजे आई लांब आहे म्हणून नाही.”

“नाही. अडचण लांबची असती, तर आवाजही तुटला असता. अडचण तुझ्या मांडीवर आहे.”

शाल्मलीने लॅपटॉप जवळ ओढला. तो आईचा होता. आईच्या बोटांनी त्याच्यावरचा ‘अ’ पार पुसून गेला होता. “हा टाकायचा नाही,” ती म्हणाली.

“टाकायचं कोण म्हणतंय? आधी त्याचं दुखणं समजून घेऊ.”

आत्याआजीने वही उघडली. “पडद्यावर काही हलतं असं तुला वाटतं, ते खरं हलत नसतं. एकामागून एक चित्रं येतात. अशा एका अख्ख्या चित्राला फ्रेम म्हणतात. कोपऱ्यातला आकडा सांगतो, एका सेकंदात किती फ्रेम झाल्या. तीसच्या वर असल्या तर डोळ्याला चाल बरीच सलग वाटते. नऊ असल्या तर उड्या दिसतात.”

“मग नऊच का?”

“एका फ्रेममध्ये किती पिक्सेल (रंगाचे ठिपके) असतात, माहीत आहे? तुझ्या पडद्यावर वीस लाख. प्रत्येकाचा रंग ठरवायचा, तोही सेकंदात तीस-चाळीस वेळा. समज, तुमच्या शाळेच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचंय. चित्रकलेच्या बाई हुशार आहेत, पण एकट्या आहेत. त्यांना वर्ष लागेल. त्यांनी भिंतीवर चौकोन आखले आणि सगळ्या शाळेला एकेक चौकोन रंगवायला दिला तर?”

“एका दिवसात होईल.”

“बाई म्हणजे सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर). अवघड कामं करतो, पण थोडी थोडी. आणि ती सगळी मुलं म्हणजे जीपीयू, ग्राफिक्सचा प्रोसेसर. त्याच्यात शेकडो, हजारो छोटे कामकरी असतात. प्रत्येकाचं काम सोपं, पण सगळे एकदम करतात. खेळासाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये असा मोठा जीपीयू वेगळा बसवतात आणि त्याला स्वतःची मेमरी देतात. म्हणजे मुलांना त्यांच्या स्वतःच्या रंगपेट्या.”

“आणि आईच्या लॅपटॉपमध्ये?”

“तिला यावर अहवाल लिहायचे होते. म्हणून यात छोटा जीपीयू आहे, सीपीयूच्याच चिपवर. मुलं कमी, आणि रंगपेटी बाईंची. बाईंचं झालं की मग यांनी ब्रश बुडवायचा. माळावर काय, गवत आणि आभाळ. झाडीत लाखो पानं, आणि प्रत्येक पानाची सावली.”

शाल्मलीने विचारलं, “मग काहीच होणार नाही?”

“होईल. लॅपटॉपची पाठ बघ किती तापलीय. ऊन कडक झालं की मुलं हळूहळू काम करतात. चिपही तापली की स्वतःला जपायला वेग कमी करते. आणि तू याला गादीवर ठेवतेस. खालची हवा घ्यायची भोकं बुजून जातात.”

“गरम लागतो म्हणून मांडीवर घेते,” शाल्मली हळूच म्हणाली. “आई आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं.”

आत्याआजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

मग दोघींनी लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं. पंख्यात धुळीचा बोळा बसला होता. मऊ ब्रशने तो काढला. लॅपटॉप टेबलावर ठेवला, मागच्या बाजूला खाली दोन वह्या सरकवल्या, आणि चार्जर जोडला, कारण बॅटरीवर असताना तो वीज वाचवायला आणखी हळू चालायचा. झाडीतला आकडा १७ झाला.

“आता तुला ठरवावं लागेल,” आत्याआजीने खेळाच्या सेटिंगची यादी उघडली. “सगळं मिळणार नाही. काय सोडशील?”

शाल्मलीने आधी सावल्या बंद केल्या. सावलीसाठी प्रत्येक ठिपक्याला विचारावं लागतं, तुझ्या आणि सूर्याच्या मध्ये कुणी उभं आहे का. मग पाण्यातली प्रतिबिंबं गेली. मग लांबची पानं. शेवटी तिने ठिपकेही निम्म्यावर आणले. रान जरा धूसर, जरा सपाट झालं. आकडा ३८ झाला.

रविवारी आई आली. माळ संपला, झाडी सुरू झाली, आणि आई तुटली नाही. ती चालत राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा शाल्मलीला आईची पावलं एकापाठोपाठ एक दिसत होती. ती बघत राहिली. डावा पाय, मग थांबत थांबत उजवा. डावा पाय, मग उजवा ओढल्यासारखा.

“आई, तुझा पाय दुखतोय?”

आई थांबली. “का गं?”

“दिसतंय मला.”

आई म्हणाली, “तीन आठवडे झाले. बर्फावरून घसरले, घोटा मुरगळला. आता बराच बरा आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तुम्ही उगाच काळजी करत बसाल, म्हणून बोलले नाही. आणि मला वाटलं, तिथून एवढं दिसत नसेल.”

“दिसत नव्हतं. आता दिसतं,” शाल्मली म्हणाली. “हळू चल. मी आहे बरोबर.”

ती आईच्या पुढे गेली नाही. आईच्या पावलागणिक एक बटण, असं करत दोघी धबधब्यापाशी पोचल्या. शाल्मलीच्या पडद्यावर ते पाणी म्हणजे नुसता पांढरा पट्टा होता.

“केंद्रावर आठवडाभर सूर्य उगवला नाही शमू,” आई खडकावर टेकत म्हणाली. “म्हणून मला या रानातल्या उन्हात यायचं होतं. सावल्या बघ कशा हलतायत.”

“मी सावल्या बंद केल्यात. नाहीतर तू तुटतेस.”

आईकडे बर्फाच्या अभ्यासासाठीचा मोठा संगणक होता, भल्यामोठ्या जीपीयूचा. तिला सगळं रान दिसत होतं. “मग मी सांगते,” ती म्हणाली. “तुझ्या डाव्या हाताला अंजनीचं झाड आहे ना, त्याची सावली पाण्यावर पडलीय. वारा आला की ती लांब होते, आणि तुझ्या पायाला लागून परत जाते.”

शाल्मली ऐकत राहिली. तिचे डोळे आईच्या उजव्या घोट्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आत्याआजीला गाठलं. “भरपूर चित्रं काढणारी, पण न तापणारी चिप करता येईल का? म्हणजे काहीच सोडावं लागणार नाही.”

“अजिबात न तापणारी नाही. पण कमी तापणारी येईल. तीस वर्षं मी तेच करत होते. बरंच झालं, बरंच राहिलंय.”

“मला शिकव.”

आई यायला अजून सहा महिने होते. तोवर पहिले चार धडे तरी नक्की होतील, असा हिशेब करून आत्याआजीने कोरं पान उघडलं आणि पेन्सिल शाल्मलीकडे सरकवली.