दोन नंबरची भट्टी

कीर्तनाचा पूर्वरंग संपवून बुवांनी आख्यानाला हात घातला, तेवढ्यात संयोगिता भोपळेंच्या पर्समध्ये फोन थरथरला. कीर्तन अर्ध्यावर सोडून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. पण पडद्यावर तोहिदचं नाव होतं, आणि कामावर असताना तो कधी फोन करत नसे.

"मॅडम, सही कर म्हणत्यात. भट्टी मी मुद्दाम बिघडवली असं लिवलंय. न्हाय केली तर पोलिसात देणार."

"केलीस?"

"न्हाय."

"करू नको. आले मी."

देवाला हात जोडून त्या मांडवाबाहेर पडल्या.

तोहिद त्यांचा जुना विद्यार्थी. पॉलिटेक्निकात त्या कंट्रोल सिस्टिम शिकवत. आता तो उदयसिंह इंगवलेंच्या फाउंड्रीत विजेच्या दोन भट्ट्या सांभाळायचा. ट्रॅक्टरचे ओतीव भाग त्यांत तापवून सावकाश निववायचे, एवढंच काम. पण दसरा झाला आणि दोन नंबरच्या भट्टीतला माल तडकू लागला. गिऱ्हाइकानं भरलेली गाडी परत धाडली.

फाटकाशीच तोहिद भेटला. मालक तापट आहेत, ऐकून घ्यायचे नाहीत, असं त्यानं बजावलं. गेल्या वर्षी पूजेचा नारळ नासका निघाला, तर तो आणणाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं.

केबिनमध्ये मालक होते आणि मॅनेजर कृष्णात चौगुले.

"कंट्रोलरच्या आतलं सेटिंग फिरवलंय यानं," कृष्णात म्हणाला. "दुसरं कोण हात लावतंय त्याला?"

"उघडून बघितलं?"

"कंपनीचं सील हाय मॅडम. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार."

"मग आत बिघाड आहे हे कशावरून?"

कृष्णात हसला. "तुम्ही वर्गात शिकवा की. हितं भट्टी हाय, फळा न्हाय."

"डबा उघडायचा नाही ना? नका उघडू. मी बाहेरनंच विचारते त्याला."

मालकांनी कपाळाला आठी घातली. "आणि काय न्हाय सापडलं तर?"

"तर पोलिसांना तुम्हीच फोन करा. पण त्याआधी हा पोरगा सही करणार नाही."

सगळे भट्ट्यांपाशी आले. दोन्ही भट्ट्या शेजारी शेजारी, एकाच बनावटीच्या. प्रत्येकीवर वीज कमीजास्त करणारा सीलबंद कंट्रोलर, त्यावर तापमानाचा आकडा आणि विजेचा काटा. मागं भिंतीला जाळीचा कुलूपबंद पिंजरा. त्या पिंजऱ्यातून थर्मोकपल आत गेलेलं. भट्टी किती तापली हे कंट्रोलरला तेच सांगतं, म्हणजे त्याचा डोळाच तो. पिंजरा कधी उघडतो, असं बाईंनी विचारलं. वर्षातनं एकदाच, खंडेनवमीला, कृष्णात म्हणाला. हत्यारं धुऊन पुजायची, तसं थर्मोकपलही बाहेर काढून पुसायचं आणि हळदकुंकू लावून परत बसवायचं. किल्ली त्याच्याकडं. पूजाही त्याचीच.

बाईंनी येताना घरून आणलेली तापमान मोजणारी बारीक तार झाकणाच्या भोकातून आत सोडली, तिला मीटर जोडला. मग तोहिदला एक नंबरच्या भट्टीचं दार बोटभर उघडून लगेच मिटायला लावलं. आतली धग उतरली. पाठोपाठ विजेचा काटा चढला, आणि धग जागेवर येताच खाली बसला.

दोन नंबरला तेच केलं. बाईंच्या मीटरवर धग झपकन उतरली. कंट्रोलरचा आकडा मात्र ढिम्म. काटा झोपलेला. कितीतरी वेळानं आकडा हलला, काटा चढला, आणि भट्टी पुरेशी तापली तरी चढलेलाच राहिला. आत धग उतू चालली होती. पडद्यावरचा आकडा मात्र गरीब गाईसारखा शांत.

"बघा की," कृष्णात म्हणाला. "सेटिंग बिघडवलंय ते आणि येगळं काय असतंय?"

"अजून एक प्रश्न राहिलाय. तोहिद, आता दाराला हात लावू नको. दोन्हीकडं हवं ते तापमान थोडं वाढवून माग."

तोहिदनं बटणं दाबली. दोन्ही भट्ट्यांचे काटे एकदमच उसळले, सारख्याच उंचीवर.

बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारून बघितला. उत्तर तेच आलं. मग त्या मालकांकडं वळल्या.

"पिंजरा उघडा."

"किल्ली घरात ऱ्हायली," कृष्णात घाईनं म्हणाला.

"माझ्याकडं दुसरी हाय," मालक म्हणाले.

कुलूप निघालं. एक नंबरच्या थर्मोकपलवर चिनी मातीची पातळ पांढरी नळी होती. दोन नंबरला, तिच्या जागी, जाडजूड लोखंडी पाइप. टोकाला वेल्डिंग, आणि बुडाशी वाळलेलं हळदकुंकू.

मग बाईंनी उलगडा केला.

"साहेब, पखवाजवाला पडद्याआड बसला तरी त्याचा हात ओळखता येतो. आपण टाळी द्यायची आणि जबाब ऐकायचा. मी या डब्याला दोन टाळ्या दिल्या. आकडा बदलून मागितला, तो निरोप थेट डब्याला पोचतो. डोळ्याची गरज नाही. तिथं दोघांनी एकसारखा जबाब दिला. म्हणजे आतलं सेटिंग शाबूत आहे. दार उघडल्याची बातमी मात्र डोळ्यातनंच जाते, आणि तिथंच दोन नंबर उशिरा जागा झाला. डोळ्यावर हे लोखंड चढवलंय. ते तापणार कधी, निवणार कधी? कंट्रोलर शिळ्या बातमीवर भट्टी हाकतोय. भट्टी नको तेवढी तापते, निवते, पुन्हा तापते, आणि माल तडकतो."

"आणि हे बसवलं कुणी?" मालकांचा आवाज खाली आला होता.

"पाइपावर कुंकू आहे. म्हणजे तो पूजेच्या दिवशीच बसला. पिंजरा त्याच दिवशी उघडतो, आणि पूजा कोण करतं ते मॅनेजरांनीच मला सांगितलं. कृष्णातराव, पुसताना नळी फुटली ना?"

कृष्णातनं मान हलवली. "हातातनं सुटली. खंडेनवमीला भट्टीची नळी फुटली म्हटल्यावर मालकांनी अपशकुन धरला असता. नासक्या नारळापायी त्या गड्याचं काय झालं, बघितलं व्हतं मी."

"म्हणून या पोराच्या गळ्यात बांधलंत?"

"माल तडकंल असं वाटलं नव्हतं. मग... तो पूजेला नव्हता. त्यानंच केलं म्हटल्यावर लोकांचा इस्वास लगेच बसला."

बाईंचा आवाज चढला. "साहेब, देव फुटल्या नळीवर रागवत नाही हो. तुम्ही रागावता. तुमच्या धाकानं खोटं शिकलं हे माणूस. आणि त्याची किंमत या पोरानं मोजायची?"

मालकांनी मान खाली घातली. खिशातला सहीचा कागद त्यांनी टराटरा फाडला. "जा रं तोहिद. नवी नळी आणायला सांगतो. तवर एक नंबर चालू ठेव."

तोहिद एक नंबरच्या खटक्याजवळ गेला, तो खाली ओढून वीज तोडली आणि भट्टीसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"भट्टी मी बिघडवली म्हटलं ते समद्या गड्यांम्होरं," तो म्हणाला. "आता खरं काय ते पण त्यांच्याच म्होरं सांगायचं. तवर भट्टी पेटत न्हाय, मालक."

कृष्णातनं मालकांकडं बघितलं. मालकांनी नजर दिली नाही. मग तो सावकाश कारखान्याच्या मधोमध गेला आणि लेथवाल्यांना यंत्रं बंद करा म्हणाला. एकेक मोटर थांबली. गडी हात पुसत गोळा झाले. बाई तोहिदच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"बोला," मालक कृष्णातला म्हणाले. "आणि माझंबी नाव घ्या त्यात."