शहाजिऱ्याचा वास पळवला कुणी?

"परवापासून मी भट्टी लावणार नाही!" मावशीने एप्रन खुंटीला अडकवला आणि जाहीर करून टाकलं.

टिकलीचा घास तोंडापाशीच थांबला. ती, तिचा थोरला भाऊ प्रोफेसर आणि सतत दोघांच्या मागे असणारं धाकटं शेपूट सुट्टीत मावशीकडे आले होते ते तिच्या पावासाठीच!

"अगं पण का?"

"गिऱ्हाइकं म्हणतात, शहाजिऱ्याच्या पावाला शहाजिऱ्याचा वासच नाही. मला तर काहीच कळेना. माझं नाकच गेलं, दुसरं काय! जिला वास कळत नाही, तिने कसले पाव भाजायचे?" मावशीने डोळ्याला पदर लावला.

मावशी रडते म्हणजे काय! मावशी बाहेर जाताच टिकलीने शहाजिऱ्याच्या बरणीतले चार दाणे तोंडात टाकले.

"ए, हे तर नुसतं गवत लागतंय!"

प्रोफेसरने चघळून पाहिलं. "खरंच की! मावशीचं नाक ठणठणीत आहे. शहाजिऱ्यातच दम नाही!"

"पण ते तर मावशीच्या मळ्यातलंच आहे, नुकतंच काढलेलं!"

तिघं मळ्यात धावले. एका वाळक्या झाडावर थोडे वाकडे, रेघारेघांचे दाणे राहिले होते. टिकलीने एक चावला. अबब! सगळ्या तोंडात घमघमाट! म्हणजे गडबड मळा ते बरणी यांच्या मध्येच कुठेतरी होती.

परसातल्या शेडमध्ये काका शहाजिरं वाफवून साबणवाल्यांसाठी अर्क काढत होते. बाहेर ताडपत्रीवर दाणे वाळत पडले होते. शेपटाने चिमूटभर तोंडात टाकले.

"थू! हेपण गवत!"

"अरे, तो चोथा आहे, गाईंसाठी!" काका आतून ओरडले. "अर्क निघाला की त्यात राहतंय काय? वाळला की भरतो पोत्यात."

"कुठल्या पोत्यात, काका?"

"पोत्यासारखं पोतं! कोठीत ठेवतो."

"मावशीच्या पोत्यांशेजारी? चुकून अदलाबदल झाली तर?"

"माझ्या हातून? शक्यच नाही! पळा, काम करू द्या!"

"पुराव्याशिवाय हे ऐकायचे नाहीत," प्रोफेसर कुजबुजला.

टिकलीने स्वयंपाकघरातून बीट आणून किसलं. थोडा चोथा त्या रसात लालेलाल केला, उन्हात खडखडीत वाळवला आणि ताडपत्रीवर मिसळून दिला. संध्याकाळी काकांनी शीळ घालत पोती भरली. त्यांचं लक्षही गेलं नाही!

सकाळी मावशी शेवटचा पाव करायला बसली. कोठीतून काकांनीच बरणी भरून आणली.

"अगं बाई! हे लाल दाणे कसले?"

"काका, तुमच्या ताडपत्रीवरचे!" शेपूट टाळ्या पिटत नाचलं.

काकांनी बरणीत डोकावून पाहिलं. "म्हणजे चोथा पावात... आणि चांगलं शहाजिरं गाईंना?"

"तरीच दुधाला वास येत होता!" टिकली म्हणाली.

काकांनी कान पकडले आणि स्वतः धावत जाऊन चांगलं पोतं शोधून आणलं. मावशीने नवं पीठ मळलं, पाव भट्टीत सरकवला, पण तिचा धीर होईना. ती पार फाटकापाशी जाऊन उभी राहिली. भट्टीपाशी तिघं श्वास रोखून बसले.

आणि तिकडून हाक आली, "अरे पोरांनो, काढा तो पाव! झालाय! मला इथवर वास येतोय!"

मावशी धावतच आत आली. तिने तिघांना एकदमच मिठीत घेतलं. "माझी गुणाची पोरं ती! मी हात टेकले होते, पण तुम्ही नाही!"

"हुशार आहेत खरी," काका डोकं खाजवत म्हणाले. "बरं, मला एक तुकडा मिळेल का?"

"आधी पोती वेगळी करा!" मावशीने हसतच एप्रन पुन्हा बांधला.