आवाजाच्या रंगाचा डबा

"मला राखाडी हवाय. साधा, शांत," तो म्हणाला आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या तिच्या डोळ्यांपुढे मधाची धार उतरली... उन्हात धरलेल्या मधाची.

तिला आवाज दिसायचे. दार करकरलं की जांभळी रेघ, घंटा वाजली की पिवळे ठिपके. सगळ्यांनाच असं दिसतं, असं तिला लहानपणी वाटायचं. वर्गातली पोरं हसली तेव्हा कळलं. मग तिनं तोंडाला कुलूप घातलं आणि मामाच्या दुकानात रंग कालवू लागली. जगातलं तिचं सगळ्यात लाडकं काम! पण परवाच मामानं बजावलं होतं, "आणखी एक डबा चुकला, तर तू ब्रश विकायला बस."

"कुठे लावायचाय?" तिनं विचारलं.

"माझ्या खोलीत. पियानो दुरुस्त करतो मी. दिवसभर तारांची कटकट. भिंतींनी तरी गप्प बसावं."

"भिंती बोलतात वाटतं तुमच्याशी?"

"आता तुम्ही बोलताय, तर त्यांची गरज नाही!"

ती हसली. मामा गल्ल्यावर हिशेब करता करता ऐकत होता. तो बोलतच राहिला — ओल्या हवेत रुसणाऱ्या तारांबद्दल, पियानोत घर करून राहिलेल्या उंदराबद्दल. तिचे हात चालत होते. थोडा पिवळा... किंचित तांबडा... दुकानाच्या रिवाजाप्रमाणे तिनं झाकणावर रंगाचा ठिपका लावून दाखवला.

"चालेल?"

"सुंदर," तो म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

मग तिचं लक्ष ढवळायच्या काठीकडे गेलं. काठीवरून राखाडी नव्हे, मध ओघळत होता!

दुसऱ्या दिवशी तो आला, तो कोपरापर्यंत मधाच्या रंगानं माखलेले हात घेऊन. मामानं चष्मा सावरला. "हा राखाडी?"

आता लपवून काय उपयोग?

"चूक माझी आहे, मामा. हे बोलत होते, आणि... हा यांच्या आवाजाचा रंग आहे. मला आवाज दिसतात."

"काहीतरीच!"

त्यानं मात्र खिशातून तारा सुरात लावायचे दोन स्वरकाटे काढले. "जरा पाठ फिरवता?"

पहिला काटा गुणगुणला. "निळा," ती म्हणाली. दुसरा. "लिंबासारखा." मामानं काटे हिसकावले आणि स्वतःच उलटसुलट वाजवत सुटला. निळा, लिंबू, लिंबू, निळा... ती एकदाही चुकली नाही.

मामा स्टुलावर बसला. "अगं, मग मी ओरडतो तेव्हा काय दिसतं?"

"गेरू."

"वाईट असतो का गं?"

"नाही मामा. टिकाऊ असतो."

मामाला हसू आवरेना. "बरं, कालव तू! पण अहो, झाकणावरचा ठिपका तुम्ही पाहिलात ना? मग 'सुंदर' कसं म्हणालात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पाहत होतो... पण झाकणाकडे नाही."

मामा, कुणी न सांगताच, आत ब्रश मोजायला गेला.

"मी डबा परत करायला नाही आलो," तो हळूच म्हणाला. "एकच भिंत झालीय. आणखी तीन उरल्यात."

"त्यांनाही हाच रंग?"

"नाही. त्यांना तुमच्या आवाजाचा हवाय. कसा दिसतो तो?"

ती गोंधळली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! तिनं मान वर केली आणि मोठ्यानं, दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा मला नाही दिसत. तुम्ही ऐकून सांगा, मी कालवते."

"वेळ लागेल..."

"लागू दे," ती म्हणाली आणि नवा डबा उघडला.