कच्चा आकडा

कोल्हापुरातल्या अस्थिमापन प्रयोगशाळेत केतकी इंगवले पडद्यामागे कपडे बदलत होती आणि तिचे वडील उमाकांत भिंतीवरचा आलेख न्याहाळत होते. आलेखावरची रेघ सरळ आडवी होती. धडाची लांबी : ३८.४ सेंटिमीटर. तीन वर्षं तीच.

"किती स्थिर आहे बघा," ते अभिमानाने म्हणाले.

डॉ. सुलक्षणा भोगावकर हसल्या नाहीत. जुने डॉक्टर निवृत्त झाल्यापासून केतकीची ही त्यांच्याकडची पहिलीच तपासणी होती. "इंगवले, मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचे पाय अकरा सेंटिमीटरनी वाढलेत. धड स्थिर राहून कसं चालेल?"

उमाकांत पाणीपुरवठा विभागात मीटर तपासनीस होते. संगणकावर सूत्रचित्रं करणं हा त्यांचा छंद. साध्या आराखड्यात प्रत्येक माप सुटं असतं. सूत्रचित्रात मापं एकमेकांना बांधलेली असतात. डब्याची उंची बदलली की झाकण, बिजागरी, स्क्रूची भोकं आपापली जागा धरतात. छंदिष्टांच्या मंडळात एक अलिखित दंडक होता. सूत्र न बांधता थेट टाइप केलेल्या मापाला ते 'कच्चा आकडा' म्हणत, आणि ज्याच्या चित्रात तो सापडे त्याची आठवडाभर यथेच्छ खेचली जाई. उमाकांतच्या चित्रांत तो कधीच सापडला नव्हता.

अकराव्या वर्षी केतकीचा कणा वाकू लागला, तेव्हा विकतचं कणाकवच त्यांना पसंत पडलं नाही. दर सहा महिन्यांनी नवं घ्यायचं आणि मापं अंदाजाने भरायची, हे त्यांना पटेना. आकारबदलू पदार्थ तेव्हा बाजारात आलाच होता. उमाकांतनी त्याचं कवच घडवलं. आतले संवेदक रोज सकाळी धड मोजत, त्या एका मापावरून कवचाची चौसष्ट मापं निघत, आणि कवच त्यांनुसार स्वतःला घडवून घेई. जुन्या डॉक्टरांनी कवच तपासलं आणि कौतुक करून वापरायला परवानगी दिली. कणा पुढे वाकला नाही, हेही खरं होतं.

"विकतच्या कवचात वरच्या बाजूला दोन सेंटिमीटर मोकळे असतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या चित्रात ते दिसत नाहीत."

"मी काढले ते. कच्चा आकडा होता तो. दोनच का? दीड का नाही? कशावरूनच निघत नव्हता."

"ती वाढीची जागा होती, इंगवले."

उमाकांतनी पुन्हा त्या आडव्या रेघेकडे पाहिलं.

"मला सांगा, कवचाचं माप कशावरून ठरतं?"

"धडावरून."

"आणि धडाचं?"

"ते... ते वाढतं की आपलं आपण."

"मोकळं असेल तर. हाड जिवंत असतं. दोन्ही टोकांनी सतत दाब असेल तर त्याची वाढ खुंटते. कवचाने धड रोखलं, आणि थांबलेल्या धडाचं माप घेऊन कवचही तिथेच राहिलं."

"पण दोन मापं अशी एकमेकांवरून निघू लागून चक्र झालं तर प्रणाली लगेच अडवते, मॅडम! तांबडी खूण येते. मी शंभर वेळा पाहिलीय."

"चक्र पूर्ण संगणकात असलं तर. याचा अर्धा भाग तुमच्या मुलीच्या पाठीत आहे."

केतकी पडद्याबाहेर आली होती. कवचावर सदरा चढवलेला, हात कमरेवर. "मी सांगत होते पप्पा, जिना चढताना दम लागतोय. तर तुम्ही काय म्हणायचा? आकडे बघ, सगळं जुळतंय."

"काढून टाकूया ते. आत्ताच," उमाकांत उठलेच.

"बसा. तीन वर्षं स्नायूंनी कामच केलेलं नाही. काढलंत तर कणा महिन्यात कोसळेल. कवच ठेवायचं, पण आता त्याने धडाच्या पुढे चालायचं. रोज केसभर. धड मागून येईल. आठेक महिने हातात आहेत, मग हाडांची टोकं जुळतात आणि वाढ कायमची थांबते. कुठवर जायचं तेवढं माप चित्रात भरावं लागेल."

उमाकांतनी खिशातली वही काढली. पाय कवचात अडकलेले नव्हते. त्यांच्या लांबीवरून धडाचं माप काढता येत होतं. "चाळीस पूर्णांक सहा," ते थोड्या वेळाने म्हणाले. सूत्र मिळाल्याचा सुस्कारा त्यांना लपवता आला नाही.

"पायांवरून धडाचा अंदाज दोन-तीन सेंटिमीटरनी सहज चुकतो."

"मग खरा आकडा कुठला?"

"खरा आकडा होता. तो आपण मोजायच्या आधीच पुसला. आता चाळीस ते त्रेचाळीसमधलं काहीही तिला झेपेल."

केतकीने टेबलावरच्या संगणकाचा कळफलक स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी टाइप केलं : ४२.

"अगं! कुठून काढलास?"

"कुठूनच नाही. मला एवढं व्हायचंय." ती डॉक्टरांकडे वळली. "चालेल?"

डॉक्टरांनी मान डोलावली. उमाकांतचा हात कळफलकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

कवच पहिल्यांदा सैलावलं तेव्हा केतकीने इतका खोल श्वास घेतला की तिला खोकलाच आला.

नऊ महिन्यांनी वाढ थांबली. अखेरचं माप आलं : ४२.०. केतकी दोन मजले चढून आली होती आणि तिला दम लागला नव्हता. चित्रात हा कच्चा आकडा कसा, असं मंडळातल्या कुणी विचारलंच तर दाखवायला म्हणून उमाकांतनी त्या आलेखाची प्रत मागून घेतली.

"म्हणजे हिचा आकडा बरोबर होता तर," ते म्हणाले.

डॉक्टर फाईल बंद करत होत्या. "तुम्ही चाळीस पूर्णांक सहा भरलं असतंत, तर आज इथे चाळीस पूर्णांक सहाच आलं असतं. आणि तुम्ही हेच म्हणाला असतात."

उमाकांतनी मुलीकडे पाहिलं. ती ताठ उभी होती, उंच. आणखी एक सेंटिमीटर तिच्यात मावला असता की नाही, हे सांगू शकेल असं माप आता जगात कुठेच उरलं नव्हतं.