बर्फ पाहिजे! त्वरा करा!

"अभिनंदन!!! तुमचीच निवड झाली आहे!!! बर्फ! बर्फ! बर्फ! फक्त आजचा दिवस! संधी सोडू नका! त्वरा करा, नाहीतर मी संपेन! पत्ता : टेंभ्याचा माळ, मोडक्या पवनचक्कीखाली. अटी लागू."

ही जाहिरात वाचून ऋजुता इतकी हसली, की तिच्या हातातला पन्ह्याचा पेला हिंदकळला आणि थोडं पन्हं नेमकं पारखीच्या डोक्यावर सांडलं.

"आधी मला पुसा," पारखी म्हणाला. "आणि ही जाहिरात मी नाकारली आहे. फसवणूक. संशय शंभरात सत्त्याण्णव."

पारखी हा यंत्रमानव होता, पण त्याच्यात मानवासारखं काहीच नव्हतं. मसाल्याच्या डब्याएवढा गोल देह आणि वर दोन दिवे, एक हिरवा नि एक लाल. माळशेंद्रे गावाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या जाहिराती तपासणं हे त्याचं काम. संकेतस्थळाचं नाव 'पार'. पूर्वी गावातली माणसं वडाच्या पारावर बसून एकमेकांना विचारायची, "माझी शेळी कुणी पाहिली का?" किंवा "शिलाई मशीन द्यायचंय, कुणाला हवंय?" आता तोच पार पडद्यावर आला होता. जाहिरात कुणीही पाठवावी, पण ती लोकांना दिसण्याआधी पारखीच्या हाताखालून जायची. याला पूर्वपरीक्षण (मजकूर लोकांसमोर येण्याआधी होणारी तपासणी) म्हणतात.

पार आणि पारखी, दोन्ही विशाखाआत्यानं घडवलेले. ती संगणकशास्त्रज्ञ. मे महिन्याच्या सुटीत ऋजुता तिच्याकडे राहायला यायची आणि दिवसभर पारखीच्या शेजारी ठाण मांडून बसायची. गावातल्या खबरा इतक्या ताज्या दुसरीकडे कुठं मिळणार?

बर्फाची जाहिरात थोड्या वेळानं पुन्हा आली. पारखीनं पुन्हा लाल दिवा लावला. मग तिसऱ्यांदा आली, आणि या वेळी तर तिच्यात 'भाग्यवान विजेते' आणि 'सुवर्णसंधी' हेही घुसले होते. उद्गारचिन्हांची तर नुसती रांगच लागली होती.

"आत्या, हा लबाड जरा येडाच दिसतो," ऋजुता म्हणाली. "नाकारलं की आणखी जोरात ओरडतो."

"लबाडांना लाज नसते गं," आत्या भाजी चिरता चिरता म्हणाली.

ऋजुता मात्र आता हसत नव्हती. तिला काहीतरी टोचत होतं. "आत्या, पारखीला कसं कळतं ही फसवणूक आहे ते? त्याला मराठी येतं?"

"छे! त्याला अर्थ कळत नाही. त्याला फक्त शब्दांचं वजन कळतं." आत्यानं विळी बाजूला सरकवली. शिकवायचं म्हटलं की तिला भाजीबिजी सुचत नसे. "मी त्याला जुन्या जाहिरातींचा मोठा ढीग दिला. प्रत्येकीवर खूण केली होती, ही खरी, ही खोटी. या ढिगाला म्हणायचं शिकवणसाठा (ज्या उदाहरणांवरून यंत्र शिकतं ती उदाहरणं). त्यानं काय केलं, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजलं. 'अभिनंदन' खोट्यांत सारखा सापडला, म्हणून त्याला संशयाचं वजन जास्त. 'शेळी' कायम खऱ्यांत सापडली, म्हणून तिला वजन जवळपास नाहीच."

"कारण लबाडाला शेळी सुचत नाही!"

"बरोबर. नवी जाहिरात आली की तो सगळ्या शब्दांची वजनं एकत्र करतो. त्यातून निघतो तो संशयाचा आकडा. तो संशयरेषेच्या (जिच्या वर गेलं की जाहिरात अडते त्या मर्यादेच्या) वर गेला, की लाल दिवा."

"आणि रेषा चुकीच्या जागी असली तर?"

"रेषा फार वर ठेवली तर चोर आत येतात. फार खाली ओढली तर संन्याशाला फाशी. दोन्ही चुका पूर्णपणे टाळणारी रेषा अजून कुणाला सापडलेली नाही. गेल्या वर्षी आपल्याकडे चोर आला. बर्फाच्या कारखान्यातल्या इक्बालकाकांच्या नावानं कुणीतरी खोटी जाहिरात दिली, गावातली माणसं फसली आणि बिचारे काका कितीतरी दिवस मान खाली घालून फिरत होते. तेव्हा मी रेषा खाली ओढली. आणि नियम केला, ज्याची गरज त्यानंच लिहायचं, दुसऱ्याच्या नावानं कुणी लिहायचं नाही."

ऋजुता पडद्याकडे बघत राहिली. आणि एकदम ताडकन उठली.

"आत्या! लबाड काय मागतो? पैसे, नाहीतर गुप्त क्रमांक. जे लांब बसून हडपता येतं ते. हा बर्फ मागतोय! बर्फ घेऊन कोण पळून जाणार? वाटेतच पाणी होईल त्याचं!"

 आत्या एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती तशीच उठली आणि तो संदेश आला कुठून हे शोधू लागली. बघता बघता तिच्या भुवया वर चढल्या.

"हा मोबाइलच्या कुठल्याच मनोऱ्यावरून आलेला नाही, ऋजू. कुणाच्या फोनवरूनही नाही. थेट माळावरून लहरी येताहेत."

"विचारू त्याला, तू कोण म्हणून?"

पारखीमार्फत प्रश्न गेला. उत्तर लगेच आलं : "प्रिय ग्राहक! तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे! मी पृथ्वीवरचा नाही, शंभर टक्के खरे! यान बंद! ऊन जास्त! साठा मर्यादित!"

ऋजुताच्या अंगावर काटा आला. तिनं लिहिलं, "तुम्ही मराठी कुठं शिकलात?"

"आकाशात! तुमच्या लहरी ऐकून! जे सर्वांत जास्त वेळा ऐकू आले, तेच पाठ केले! आजच!"

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! खरा माणूस शेळी हरवल्याचं एकदाच सांगतो. लबाड तीच थाप लाखभर फोनवर पाठवतो. आकाशातून ऐकणाऱ्याला लबाडांचीच भाषा जास्त ऐकू येणार. त्याला वाटलं, इथली माणसं अशीच बोलतात!"

"आणि आपण नाकारलं, की त्याला वाटायचं आपलं मराठी कमी पडतंय. म्हणून तो आणखी तसंच बोलायचा!"

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," आत्या म्हणाली. "यंत्र असो, मूल असो की परग्रहावरचा पाहुणा, जे पुढ्यात वाढाल तेच तो शिकणार. पारखीही तसाच शिकला आणि हाही."

"मी चुकलो का?" पारखीनं विचारलं. त्याचा लाल दिवा मंद झाला होता.

"तू मोजलंस ते बरोबर मोजलंस रे," ऋजुता म्हणाली. "पण आता काय करायचं? तो वितळतोय तिकडं! मी लिहू त्याच्या नावानं जाहिरात?"

"नियम माझा आहे, मीच मोडू? आणि त्याची ही जाहिरात तशीच सोडली, तर 'अभिनंदन' वाचून गावातलं एक माणूस हलणार नाही. गेल्या वर्षी हात पोळलेत सगळ्यांचे. आपल्या फ्रिजमधल्या बर्फानं त्याचं काय होणार? त्याला गाडीभर बर्फ लागेल." आत्या येरझाऱ्या घालू लागली. बाहेर ऊन असं तापलं होतं, की अंगणातली कोंबडीसुद्धा रांजणाच्या सावलीत जाऊन बसली होती.

ऋजुताला रडूच यायला लागलं होतं. तिनं डोळे पुसले आणि तिची नजर पडद्यावरच्या 'हरवले-सापडले' या पानावर गेली.

"आत्या, त्याचा शिकवणसाठा बदलू या!"

पुढं विचारायला ती थांबलीच नाही. पारावर आजवर आलेल्या सगळ्या खऱ्या जाहिराती तिनं माळावर पाठवून दिल्या. 'करडी शेळी हरवली आहे, उजवा कान फाटका, हाक मारल्यास येते.' 'लग्नासाठी मोठी पातेली पाहिजेत, घासून परत करू.' 'कुत्रा देणे आहे, दिसायला दांडगा आहे पण चावत नाही.' 'आजीसाठी वाचून दाखवणारे कुणी हवे, चहा मिळेल.' आणि खाली एक ओळ लिहिली, "आम्ही खरे असे बोलतो. आता तुम्ही बोला."

मग काहीच आलं नाही. आत्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ऋजुतानं मनात गणपतीला, मारुतीला आणि गणिताच्या बाईंनाही हाका मारल्या. उशीर झाला असेल का? मघाशी एका संदेशात त्यानं 'साठा मर्यादित' म्हटलं होतं, ते त्याच्या आयुष्याबद्दल तर नसेल?

आणि पडदा उजळला.

"पाहिजे : बर्फ. मी परगावचा आहे. आमच्याकडे बारा महिने थंडी असते. इकडून जाताना यानाचे गारवा देणारे यंत्र बिघडले, म्हणून टेंभ्याच्या माळावर उतरलो आहे. यंत्र मला दुरुस्त करता येते, पण तोवर ऊन सोसवत नाही. बर्फ आणून दिल्यास फार उपकार होतील. दिसायला वेगळा आहे, पण चावत नाही."

पारखी घरघरला. "संशय शंभरात चार," तो म्हणाला, आणि त्याचा हिरवा दिवा असा लखकन पेटला, की ऋजुतानं त्याला उचलून छातीशीच धरलं. जाहिरात पारावर झळकली.

पहिला फोन इक्बालकाकांचा आला. "विशाखाताई, हे खरंय का? माझं नाव एकदा खराब झालंय, म्हणून विचारतो."

"खरंय, इक्बालभाई. माझा शब्द."

"परगावचा म्हणजे कुठला?"

"फार लांबचा. आकाशातला."

काका म्हणाले, "आकाशातला असो नाहीतर पाताळातला. पाहुणा उन्हात बसलाय आणि माझ्या कारखान्यात लाद्यांवर लाद्या पडल्यात, हे बरं दिसतं का? टेम्पो काढतो!"

त्या दुपारी माळशेंद्र्यानं जे पाहिलं, ते आजवर कुठल्या गावानं पाहिलं नसेल. पुढं इक्बालकाकांचा टेम्पो, त्यात भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. मागं गोळेवाल्यांच्या गाड्या घंटा वाजवत निघालेल्या. कुल्फीवाला होता, मासळीवाल्या मावशी आपल्या पेट्या घेऊन आल्या होत्या. कुणी फ्रिजमधले बर्फाचे साचे डोक्यावर धरून धावत होतं, कुणी ओली घोंगडी घेऊन. टेम्पोत पुढच्या बाकावर आत्या, ऋजुता आणि ऋजुताच्या मांडीवर पारखी.

मोडक्या पवनचक्कीखाली एक चपटं चंदेरी यान पडलं होतं आणि त्याच्या सावलीत पाहुणा. रांजणाएवढा, दुधी काचेसारखा, अंगावरून पाणी ठिबकत असलेला. गाव थबकलं.

"चावत नाही," पाहुणा अगदी क्षीण आवाजात म्हणाला.

सगळा माळ खदखदून हसला आणि भीती कुठल्या कुठं पळाली. लाद्यांची भिंत उभी राहिली, वर ओली घोंगडी पडली, बर्फाचा चुरा पाहुण्याच्या अंगावर ओतला गेला. हळूहळू त्याचा दुधी रंग निळसर झाला, मग लख्ख निळा. त्याच्या अंगातून चार हात बाहेर आले आणि चारही हातांनी तो यंत्राला भिडला. ऊन कलायच्या आत यान गुरगुरलं. गोळेवाल्यांनी सगळ्या घंटा एकदम वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि इक्बालकाका ताठ मानेनं टेम्पोच्या टपावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. कितीतरी दिवसांनी लोक त्यांच्या नावाचा जयजयकार करत होते.

निघताना पाहुणा ऋजुतासमोर थांबला. "शेळी सापडली का?" त्यानं विचारलं.

"सापडली," ऋजुता म्हणाली.

"छान. काळजी वाटत होती."

त्या संध्याकाळी आत्यानं पाहुण्याच्या 'अभिनंदन'वाल्या जाहिराती 'खरी' अशी खूण करून पारखीच्या शिकवणसाठ्यात घातल्या. ऋजुतानं आणखी एक गोष्ट सुचवली. एका रेषेऐवजी दोन रेषा. खालच्या रेषेच्या आत हिरवा, वरच्या रेषेपलीकडे लाल, आणि दोहोंच्या मध्ये असेल तर नवा पिवळा दिवा. त्याचा अर्थ, माझी खात्री नाही, माणसाला विचारा.

"यंत्रानं 'मला माहीत नाही' म्हणायला शिकणं, यापेक्षा मोठी हुशारी नाही," आत्या म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो दिवा बसवला.

दिवाळीच्या सुटीत ऋजुता पुन्हा आली, तेव्हा तो पिवळा दिवा लुकलुकत होता.

"फार लांबून जाहिरात आली आहे," पारखी म्हणाला. "फुकट प्रवास म्हणते, म्हणून संशय आला. पण मजकुरात शेळीही आहे, त्यामुळे खात्री होत नाही. तुम्ही बघता का?"

ऋजुतानं वाचलं.

"पाहिजेत : पाहुणे. माळशेंद्र्याचे कुणीही चालतील. न्यायला यान पाठवू, भाडे नाही. बर्फ आणू नये, इथे भरपूर आहे. स्वेटर आणावा. शेळीलाही आणल्यास आनंद होईल. अटी लागू नाहीत."

ऋजुतानं हिरवं बटण दाबलं आणि "आत्या, माझा स्वेटर कुठं आहे?" असं ओरडत ती घरात धावत सुटली.