गुंडप्पाचं ऊन

"तिथं गाडी लावू नको ग शैला. तिथं आमच्या मालकाला बसवून माती दिलीय. शेवटी शेवटी लई थंडी वाजायची त्यांना. ऊन पडू दे."

चुलतसासू रुद्रम्मा असं म्हणाली होती. शैलश्रीनं हसून सोडून दिलं.

घडलेलं आहे हे. बीदरजवळचं कमठाणा, गेल्या मे महिन्यातला सोमवार, भर दुपारचे बारा.

रात्र असती तर भास म्हणून सोडलं असतं.

शैलश्रीनं फिरता फोटो स्टुडिओ आखला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली, छतावर दोन सोलर पॅनल, बाकाखाली बॅटरी. लेक झोपली की आराखडा काढायचा, उठली की वही मिटायची. आठ महिने गेले त्यात.

पॅनलला सावली चालत नाही. अख्ख्या शेतात बिनसावलीची जागा एकच. नवऱ्याला, गुंडप्पाला, ऊन मिळावं म्हणून रुद्रम्मानंच तिथली झाडं तोडलेली.

"दोनच दिवस, अम्मा. चाचणी झाली की हलवते."

"शिकलेल्यांचे दोन दिवस लई लांब असतात बाई."

दहा महिन्यांची नेत्रा आत घोंगडीवर झोपली होती. शैलश्री दारात उभी राहून मीटर बघत होती.

आभाळात ढग नाही...

आणि चार्जिंग शून्य.

तिनं वायर तपासली. दारालगतच्या शिडीवर एक पाय ठेवून पॅनलला हात लावला. चटका बसायला हवा होता.

पॅनल गार होतं.

ती आत धावली. लेकीचे पाय बर्फ झालेले. ओठ निळसर. आणि खालची घोंगडी...

नव्हती.

दाराजवळून ती क्षणभरही हलली नव्हती.

लेकीला छातीशी धरून ती बाहेर आली. ट्रॉलीखाली, सावलीत, घोंगडी दिसली.

पडलेली नव्हती.

बसलेली होती... डोक्यावरून घट्ट लपेटून, मांडी घातल्यासारखी.

आत कुणीच नव्हतं.

रुद्रम्मा आली. घोंगडीसमोर उकिडवी बसली.

"उठू नका. हलवायलेत गाडी."

शैलश्रीच्या नवऱ्यानं, शिवकुमारनं, ट्रॅक्टर जोडला. ट्रॉली हलली. ऊन पडलं तशी घोंगडी हळूच जमिनीवर सपाट झाली.

नेत्रा आज बरी आहे म्हणायची. पण बारा वाजले की कुडकुडते. डॉक्टरांना काही सापडत नाही. शिवकुमार पुण्याला कामावर, आणि शैलश्री कलबुर्गीत लेकीला मांडीवर घेऊन रोज बारा वाजायची वाट बघत बसते. फार दमलीय ती.

परवा रुद्रम्माचा फोन आला.

"शैला, आता मलाच कामून इतकी थंडी वाजायलीय ग?"

तेव्हापासून फोन लागत नाही.

शैलश्रीचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. कमठाण्यावरून कुणी जाणार असाल, तर रुद्रम्माच्या शेतात डोकावा. एकटीच असते.

जाताना एक घोंगडी न्या.