शेवंतीची उडी

चंद्रावरच्या कौमुदी वसाहतीत दारं होती, पण दारातून कुणी येत नसे. वजन इथे एक षष्ठांश. कमरेएवढ्या भिंतीवरून टुणकन उडी मारता येत असताना दार उघडत कोण बसतो? सशांच्या दालनातही सगळे असेच वरून तरंगत उतरायचे. ते उतरले की शेवंती, पांढरीशुभ्र सशीण, अशी उडायची की कान छताला टेकायचे. मग टाळ्या. या उडीचं ‘आनंदउडी’ असं बारसंही झालं होतं.

पण शेवंतीला पिल्लं होत नव्हती. मोती नावाचा नर सोबतीला होता, गर्भही राहायचा, आणि काही दिवसांत नाहीसा व्हायचा. पुढच्या यानातून तिला परत धाडा, असं वसाहतप्रमुख डॉ. गुंजीकर म्हणाले तेव्हा पशुवैद्य वैजयंती खोबरेकरांनी यान येईपर्यंतची मुदत मागून घेतली. पृथ्वीवर उतरतानाचा दाब शेवंती सोसणार नव्हती.

वैजयंतीबाई हट्टाने तिच्या उडीचं चित्रण सावकाश फिरवून पाहत बसल्या. मग त्यांनी गुंजीकरांना बोलावलं.

“सर, ससा खुशीत उडतो तेव्हा हवेत अंग पिळतो, पाय झाडतो. ही बघा कशी ताठ आहे. डोळे वर, आणि आधी मागचे पाय जमिनीवर आपटतेय. धोका दिसला की ससे असेच पाय आपटून बाकीच्यांना सावध करतात.”

गुंजीकर मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“पृथ्वीवर नुसतं धप्प झालं असतं. इथे तेवढ्याच जोरात ती छताला जाते,” ते म्हणाले. “पण धोका कसला?”

“आपला. सशावर घार वरून येते. आपण रोज तिच्या डोक्यावरून उतरतो आणि वर टाळ्या वाजवतो. घाबरलेली सशीण गर्भ आपल्याच अंगात जिरवून टाकते.”

गुंजीकरांचा चेहरा पडला. सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवायचे.

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं: सशांकडे जायचं ते दारातून, आणि तेही रांगत. मोठमोठे शास्त्रज्ञ हातात गाजर धरून गुडघ्यांवर चालू लागले. शेवंतीचं आपटणं थांबलं. यान आलं तेव्हा तिच्या कुशीत पाच पिल्लं होती. यान तिला न घेताच परत गेलं, आणि वैजयंतीबाई सगळ्यांदेखत रडल्या.

पिल्लांच्या अंगात रग आली, आणि एका सकाळी त्यांतलं एक खरोखरच खुशीत उडालं. अंग पिळत, पाय झाडत, थेट आईच्या डोक्यावरून. शेवंतीने वर पाहिलं. धप्प, आणि आई छताला. मग उरलेली चार, मग पुन्हा आई. माणसांना रांगायला लावलं, आता पिल्लांना कोण शिकवणार?

शेवंतीने स्वतःच तोड काढली. ती दालनातून गायब झाली आणि सापडली गुंजीकरांच्या पलंगाखाली. बाकी सगळे टांगलेल्या झोळ्यांत झोपायचे, त्यामुळे डोक्यावरून काहीच उडू शकणार नाही अशी वसाहतीतली ती एकच जागा होती. पोटावरची मऊ लोकर उपटून तिने तिथे घरटं केलं होतं. पिल्लं झाल्या झाल्या सशीण पुन्हा गाभण राहू शकते, वैजयंतीबाईंनी वाकून बघत सांगितलं.

तेव्हापासून वसाहतप्रमुख स्वतःच्या खोलीत रांगत शिरतात, आणि जमिनीवर झोपतात.